आयलंड पीकची आखणी: आधी दिवस मोजा, मग संस्था निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३५ ते ४८ वयोगटातील चौघांनी दोन वर्षांपूर्वी एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक व्यवस्थित पूर्ण केला आहे. बर्फावरील दोरकामाचे शिक्षण त्यांच्यापैकी कोणीही घेतलेले नाही. आता येत्या ऑक्टोबरमध्ये गाईड घेऊन नेपाळमधील आयलंड पीक चढण्याचा त्यांचा विचार आहे. एका संस्थेने काठमांडू ते काठमांडू १४ दिवसांचा कार्यक्रम दिला आहे आणि दुसरीने १९ दिवसांचा, जो बराच महाग पडतो. यांपैकी कोणता घ्यावा, स्वतःची तयारी कशी करावी आणि पैसे भरण्यापूर्वी संस्थेला काय विचारावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

माझे उत्तर १९ दिवस असे आहे, आणि तेवढी रजा मिळत नसेल तर दिवस कमी करू नका, शिखर बदला. किमतीतील फरक पाहून बहुतेकांना वाटते की महाग कार्यक्रमात सोयी अधिक असाव्यात. तुम्ही पाठवलेले दोन्ही कार्यक्रम शेजारी ठेवून वाचले, तेव्हा फरक सोयींचा नसून नेमक्या पाच दिवसांचा आहे हे दिसले. पहिल्या संस्थेने काठमांडूतील साहित्य तपासणीचा दिवस, वाटेवरील डिंगबोचे गावातील दुसरी रात्र, त्यापुढच्या छुकुंगमधील दुसरी रात्र, चढाईसाठीचा राखीव दिवस आणि जिथून चालणे सुरू होते त्या लुक्लाच्या विमानासाठीचा राखीव दिवस असे पाच दिवस काढून टाकले आहेत. कागदावर हे पाचही दिवस रिकामे दिसतात. प्रत्यक्षात शिखराची शक्यता आणि सुखरूप परतण्याची हमी या दोन्ही गोष्टी याच पाच दिवसांत साठवलेल्या असतात.

हिशेब करून पाहू. लुक्ला सुमारे २,८४५ मीटरवर आहे आणि पहिला मुक्काम फाकडिंगला, म्हणजे २,६१० मीटरवर होतो. तेथून नामचे ३,४४० मीटर, तेंगबोचे ३,८६० मीटर, डिंगबोचे ४,४१० मीटर, छुकुंग ४,७३० मीटर आणि आयलंड पीकचा बेस कॅम्प ५,०८० मीटरच्या आसपास. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा उंचीवरील वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य संकेत आहे. १४ दिवसांच्या कार्यक्रमात नामचेतील दोन रात्रींनंतर सलग चार रात्री उंची वाढतच जाते, आणि त्यांतील डिंगबोचेची उडी ५५० मीटरची आहे. लुक्लाला उतरल्यापासून आठव्या दिवशी मध्यरात्रीनंतर तुम्ही शिखराकडे निघणार. १९ दिवसांच्या कार्यक्रमात डिंगबोचेला दोन रात्री मिळतात आणि मधल्या दिवशी गावावरच्या नांगकरत्सांगची चढण करून खाली झोपता येते. छुकुंगलाही दोन रात्री मिळतात, आणि तेथून सुमारे ५,५५० मीटर उंचीच्या छुकुंग रीवर जाऊन परत येता येते. दिवसा उंच जायचे आणि रात्री खाली झोपायचे, यातून शरीराला मिळणारा सराव कोणत्याही औषधाने मिळत नाही. ५,५०० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. त्या दाबात तुमचे शरीर कसे वागते, हे शिखराच्या रात्री अंधारात प्रथमच कळण्यापेक्षा छुकुंग रीवर दिवसाढवळ्या कळलेले बरे.

तुम्ही एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक केला आहे, हे तुमच्या बाजूने आहे. ५,००० मीटरच्या वर तुम्हाला भूक किती लागते, झोप कशी लागते, डोके दुखते का, याची काही नोंद तुमच्याकडे असेल. तरीही मागच्या वेळी त्रास झाला नाही म्हणून या वेळी होणार नाही, असे मानू नका. आणि सह्याद्रीत दर शनिवार-रविवारी किल्ले चढणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो: दमसास चांगला असणे आणि विरळ हवेशी जुळवून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट, सर्वांत तंदुरुस्त सभासदच पहिल्या चार दिवसांत सर्वांपुढे चालतो आणि पाचव्या दिवशी डोके धरून बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मुक्कामावर पोहोचताना बोलता बोलता चालता आले पाहिजे, एवढाच वेग ठेवा.

‘ट्रेकिंग पीक’ या नावाबद्दलही आधीच स्पष्टता हवी, कारण या नावाने फार जणांची फसगत होते. नेपाळ सरकारने १९७८ मध्ये १८ शिखरे सोप्या परवाना पद्धतीखाली खुली केली आणि त्यांचे परवाने देण्याचे काम नेपाळ माउंटेनिअरिंग असोसिएशनकडे सोपवले. पुढे त्यांत आणखी शिखरांची भर पडली. म्हणजे हा परवान्याचा प्रकार आहे, अवघडपणाची श्रेणी नव्हे. त्या मूळ यादीत कुसुम कांगुरूसारखे शिखर आहे, ज्याच्या वाटेला कसलेले गिर्यारोहकसुद्धा विचार करूनच जातात. आयलंड पीक, म्हणजेच इम्जा त्से, ६,१८९ मीटर उंच आहे. त्यावर चालणे बरेच असले तरी शेवटचे काही तास निखळ गिर्यारोहण आहे: हिमनदीवरील भेगा, कधी कधी त्यांवर टाकलेल्या शिड्या, मग जवळजवळ १०० मीटरची उभी हिमभिंत आणि तिच्या माथ्यावर अरुंद धार. हिमनदी मागे हटत चालल्याने ही वाट वर्षागणिक बदलते. म्हणून चार वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राचे वर्णन आखणीसाठी पुरेसे मानू नका. गेल्या हंगामात भेगांवर किती शिड्या होत्या आणि हिमभिंतीवर मऊ हिम होते की कठीण बर्फ, हे संस्थेला विचारा. ज्या संस्थेचे लोक खरोखर वर जातात, तिला याचे उत्तर तत्काळ देता येते.

मेरा आणि लोबुचे ईस्ट या शिखरांची नावेही तुमच्या पत्रात आहेत, म्हणून त्यांविषयी थोडे. मेराचे सर्वोच्च टोक ६,४७६ मीटर आहे. चढ सोपा असला तरी उंची अधिक असल्याने दमछाक जास्त होते, आणि तिथे मला सर्वांत मोठा धोका हिमनदीपेक्षा वाटेचा वाटतो. लुक्लाहून थेट झत्रवा ला ही सुमारे ४,६०० मीटर उंचीची खिंड ओलांडणारी वाट दिवस वाचवते, पण उंचीची सवय होण्याआधीच माणसाला वर नेते. दक्षिणेकडून हिंकू खोऱ्यात शिरणारी लांबची वाट घेतली तर जंगलातून हळूहळू चढत जाता येते. मेराचा कार्यक्रम घ्यायचाच असेल तर या दुसऱ्या वाटेचा घ्या. ६,११९ मीटरचे लोबुचे ईस्ट आयलंड पीकपेक्षा अधिक सलग चढाचे आहे, तिथे दोरावर फार वेळ राहावे लागते, आणि पहिल्या शिखरासाठी मी ते सुचवणार नाही.

आता गाईडबद्दल, कारण माझ्या मते सगळ्या आखणीत दिवसांखालोखाल महत्त्व याच गोष्टीला आहे. ट्रेकिंग गाईड आणि क्लाइंबिंग गाईड ही दोन वेगळी कामे आहेत, आणि काही स्वस्त कार्यक्रमांत एकाच माणसाकडून दोन्ही करून घेतली जातात. चौघांसाठी चढाईच्या दिवशी किमान दोन क्लाइंबिंग गाईड हवेत. याचे कारण मला पुस्तकातून कळले नाही. काही वर्षांपूर्वी लोबुचे ईस्टवर आम्ही पाच जण होतो आणि ज्या संस्थेमार्फत गेलो होतो तिने एकच क्लाइंबिंग गाईड दिला होता. पहाटेच्या सुमारास आमच्यातील एक जण मागे पडू लागला. क्रॅम्पॉनचा (बर्फात रुतावेत म्हणून बुटाखाली बांधायचे धातूचे काटे) पट्टा सुटला म्हणून तो खाली बसला, आणि तो पट्टा त्याला कडीतून ओवता येईना. हातमोजे काढले तरी येईना. तो पट्ट्याकडे नुसता पाहत राहिला. गाईडने त्याला सपाट जागी उभे केले आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावत सरळ रेषेत चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला तो बाजूला कलंडला. मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण होती, आणि त्यावर एकच पहिला उपाय असतो: ताबडतोब खाली. गाईड एकच असल्यामुळे आम्ही पाचही जण परतलो. तो मित्र बरा झाला, आणि परतण्याचा निर्णय पूर्ण बरोबर होता. पण तिथे दुसरा गाईड असता तर आजारी माणूस अधिक लवकर खाली पोहोचला असता आणि उरलेल्यांना वाट पाहत थंडीत उभे राहावे लागले नसते. त्या दिवसापासून एका गाईडवर दोनहून अधिक माणसे असलेल्या चढाईला मी गेलो नाही.

म्हणून संस्थेला लेखी विचारा: क्लाइंबिंग गाईड किती, त्यांची नावे काय, त्यांनी नेपाळ माउंटेनिअरिंग असोसिएशनचे प्रशिक्षण घेतले आहे का, आणि या शिखरावर ते कितीदा गेले आहेत. नेपाळमधील काही गाईडकडे पर्वतीय गाईडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता असलेला सर्वोच्च परवाना असतो. आयलंड पीकसाठी तो अनिवार्य नाही, पण असा गाईड मिळाला तर जरा जास्त पैसे मोजायला हरकत नाही. त्यानंतरचा प्रश्न दोराचा. वरचा फिक्स रोप, म्हणजे चढाईच्या वाटेवर पर्वताला बांधून ठेवलेला दोर, कोण लावतो, तो कोणत्या दिवशी लावतात, आणि तो बर्फाखाली गेला किंवा खराब झाला असेल तर तुमच्या गाईडकडे स्वतःचा दोर, स्नो बार आणि आइस स्क्रू (हिमात-बर्फात रोवून दोर बांधण्याची साधने) असतील का? गर्दीच्या हंगामात वेगवेगळ्या गटांचे शेर्पा मिळून दोर लावतात, ही चांगली व्यवस्था आहे. मात्र गर्दी ओसरल्यावर वर गेलेल्या गटाला जुनाच दोर मिळू शकतो.

एक प्रश्न मी नेहमी सर्वांत शेवटी विचारतो: मागे फिरण्याचा अधिकार कोणाचा? उत्तर ‘गाईडचा’ असेच असायला हवे, आणि ते चौघांनीही निघण्यापूर्वी एकमेकांसमोर मान्य केलेले हवे. वेळही आधीच ठरवावी. पहाटे एक-दोनच्या सुमारास निघालेला गट ठरावीक वेळेपर्यंत हिमभिंतीच्या माथ्यावर पोहोचला नाही तर तो तिथून परततो, मग शिखर समोर दिसत असले तरी. ती वेळ कोणती हे गाईड त्या हंगामातील वारा आणि ऊन पाहून सांगेल. बेस कॅम्पवर बसून, गरम चहा पिताना हे ठरवणे सोपे असते, आणि वर धारेवर उभे राहून ठरवणे फार अवघड. ठरलेली वेळ पाळणाऱ्या गाईडवर दबाव आणणारा सभासद गटात असू शकतो, तेव्हा तुमच्यातील कोण तसे वागू शकेल याचा मोकळेपणाने आधीच विचार करा.

दोरकामाचे शिक्षण तुम्ही बेस कॅम्पवर एका दुपारी घ्याल असे दोन्ही कार्यक्रमांत लिहिले आहे. ते अपुरे आहे. वेळ असेल तर उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट किंवा मनालीची संस्था यांचा साधारण चार आठवड्यांचा मूलभूत अभ्यासक्रम करावा. त्यांना वयोमर्यादा असते आणि जागा खूप आधी भरतात, त्यामुळे तुमच्यातील सर्वांना तो जमेलच असे नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान दोन गोष्टी घराजवळच्या प्रस्तरारोहण शिकवणाऱ्या मंडळाकडून, हात आपोआप चालू लागेपर्यंत शिकून घ्याव्यात.

पहिली गोष्ट अँकर ओलांडण्याची. फिक्स रोपवर चढताना तुमच्या हार्नेसपासून, म्हणजे कमरेला बांधलेल्या पट्ट्यांपासून, दोन जोडण्या दोराला गेलेल्या असतात: एक जुमारची (दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी दातेरी पकड) आणि दुसरी सुरक्षेच्या कॅराबिनरची (उघडझाप होणारी धातूची कडी). जिथे दोर पर्वताला बांधलेला असतो त्या गाठीपाशी पोहोचल्यावर आधी सुरक्षेचा कॅराबिनर काढून गाठीच्या वरच्या दोराला लावायचा, तो बंद झाल्याची बोटाने खात्री करायची, आणि त्यानंतरच जुमार उघडून वर घ्यायचा. दोन्ही एकाच वेळी सुटलेले असता कामा नयेत, अर्ध्या सेकंदासाठीसुद्धा नाही. हे वाचायला सोपे आहे. आता जाड हातमोजे घाला, खोलीतील दिवा बंद करा, कपाळावरचा टॉर्च लावा आणि खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरावर हेच ५० वेळा करा. जुमारची खुट्टी अंगठ्याने ओढताना मोज्याचे कापड जुमारच्या दातांत अडकते, कॅराबिनरचे तोंड बोटांना जाणवत नाही. या अडचणी घरी कळल्या म्हणजे हातमोजे बदलता येतात.

दुसरी गोष्ट उतरताना डिसेंडर, म्हणजे दोरावरून सावकाश उतरण्याचे साधन, हातातून न निसटू देण्याची. आठ आकड्याच्या डिसेंडरचे मोठे कडे आधी हार्नेसच्या कॅराबिनरमध्येच अडकवून ठेवायचे, दोराचा वळसा त्या मोठ्या कड्यातून काढून लहान कड्यावरून मानेवर टाकायचा, आणि मगच कॅराबिनर मोठ्या कड्यातून काढून लहान कड्यात घालायचा. असे केले तर डिसेंडर एक क्षणही मोकळा राहत नाही. हिमभिंतीच्या माथ्यावर, मागे दहा माणसे थांबलेली असताना आणि बोटे बधिर झालेली असताना डिसेंडर खाली घरंगळला, तर उतरणे गाईडच्या दुसऱ्या सामानावर अवलंबून राहते. अपघात बहुतांशी उतरतानाच होतात, म्हणून या सरावाला चढण्याच्या सरावाइतकाच वेळ द्या.

शारीरिक तयारीला सहा महिने धरा. शिखराचा दिवस १० ते १४ तासांचा असतो आणि त्यातला मोठा भाग मंद, सलग कष्टाचा असतो. म्हणून वेगाने धावण्यापेक्षा दीर्घकाळ, श्वास न फुलता चालणे, पाठीवर १० ते १२ किलो घेऊन जिने किंवा डोंगर चढणे, आणि महिन्यातून दोनदा सलग दोन दिवस लांब चढाई करणे उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी उतरण्याचा सराव विशेष महत्त्वाचा, कारण मांड्या उतारावर संपतात. शेवटच्या दोन आठवड्यांत व्यायाम कमी करा आणि सर्दी-खोकल्यापासून जपा. छाती भरलेली घेऊन लुक्लाला उतरू नये.

निघण्यापूर्वी चौघांनीही डॉक्टरांकडून रक्तदाब, हृदय आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. घोरणाऱ्यांनी झोपेत श्वास अडखळत नाही ना, हेही विचारावे. अ‍ॅसिटाझोलामाइड, जे डायमॉक्स या नावाने परिचित आहे, प्रतिबंधासाठी साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि सर्वांनीच एखादी गोळी घरी घेऊन पाहावी म्हणजे बोटांना मुंग्या येण्याने वर घाबरायला होत नाही. हे औषध जुळवून घेण्याचा वेग वाढवते. कमी पडलेल्या दिवसांची भरपाई मात्र ते करत नाही. डेक्सामेथासोन (मेंदूच्या सुजेसाठी) आणि निफेडिपिन (फुप्फुसातील पाण्यासाठी) ही औषधे गाईडच्या पेटीत असावीत. ती संकटासाठी, खाली उतरता उतरता देण्यासाठी असतात. शिखर गाठण्यासाठी डेक्सामेथासोन घेऊन वर जाणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नका, कारण ते लक्षणे झाकते आणि परिणाम ओसरताच माणूस अधिक उंचीवर अधिक आजारी होतो.

रोज सकाळी एकमेकांना पाच प्रश्न विचारा: डोके दुखते का, भूक आहे का, मळमळते का, चक्कर येते का, काल कितपत थकलात. डोके दुखत असून सोबत दुसरे एखादे लक्षण असेल तर त्या दिवशी वर जायचे नाही, एवढा नियम पुरेसा आहे. फुप्फुसात पाणी साचण्याची सुरुवात ओळखायला मात्र नजर लागते. कालपर्यंत बरोबर चालणारा माणूस अचानक चढावर मागे पडतो, थांबून पाच मिनिटे झाली तरी त्याचा श्वास खाली बसत नाही, रात्री कोरडा खोकला वाढतो. असे दिसले की उजाडण्याची वाट पाहू नका. फेरिचेला हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना चालू असतो आणि डिंगबोचेपासून तो फार दूर नाही. तिथे दुपारी होणारे उंचीवरील आजारांचे व्याख्यान जमल्यास जरूर ऐका.

ऑक्टोबरबद्दल एक सावधगिरी. पावसाळ्यानंतरचे आकाश स्वच्छ असते हे खरे, पण बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे याच काळात उत्तरेकडे वळू शकतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुडहुड वादळाच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा परिसरात, थोरोंग ला खिंडीच्या आसपास, अचानक प्रचंड हिमवर्षाव केला आणि चाळीसच्या आसपास माणसे दगावली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी गढवालमधील द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर हिमप्रपातात प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून २९ जण गेले. ताज्या हिमानंतर उतार स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि तो देता यावा म्हणूनच चढाईचा राखीव दिवस असतो. पहिल्या संस्थेने तो काढला आहे. हवा बिघडली तर त्या कार्यक्रमातील गाईडपुढे दोनच पर्याय उरतील, खराब उतारावर जाणे किंवा शिखर सोडणे, आणि पैसे भरून आलेल्या चौघांच्या नजरा त्याच्यावर खिळलेल्या असतील. गाईडला अशा कोंडीत टाकणारी आखणी मला मान्य नाही.

दुसरा राखीव दिवस लुक्लासाठी. गर्दीच्या हंगामात लुक्लाची विमाने बऱ्याचदा काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातील मंथली विमानतळावरून सुटतात, म्हणजे रात्री दोनच्या सुमारास निघून चार-पाच तासांचा रस्ता करावा लागतो. लुक्लाला ढग आले की विमाने थांबतात. काठमांडूहून घरी परतण्याचे तिकीट या राखीव दिवसानंतरचेच काढा, आणि त्यातही तारीख बदलता येईल असे घ्या. विमानातील सामानाची मर्यादा साधारण १५ किलो असते, म्हणून लुक्लाला जाताना जड बूट पायात घालणारे पुष्कळ दिसतात.

बुटांवर काटकसर करू नका. ६,००० मीटरवर दुहेरी बूट लागतात, एकपदरी ट्रेकिंगचे चालत नाहीत. चौघांनी ते विकत घेण्याची गरज नाही. काठमांडूत ठमेलमध्ये आणि छुकुंगमध्येही भाड्याने मिळतात. पण छुकुंगला आपल्या मापाचे उरलेच नाहीत असे होऊ शकते. म्हणून काठमांडूतील तपासणीचा दिवस वापरा: जाड मोजे घालून बूट घाला, जिना उतरा, अंगठा पुढे आदळतो का पाहा, मग भाड्याचे क्रॅम्पॉन त्याच बुटाला बसवून पाय जोरात झटका. क्रॅम्पॉन हलला तर दुसरी जोडी मागा. हेल्मेट, हार्नेस, जुमार हे सगळेही याच दिवशी अंगावर चढवून पाहावे. पिसांचे जाड जॅकेट, पंजाचे हातमोजे आणि उणे २० अंशांची स्लीपिंग बॅग भाड्याने चालेल, मोजे आणि आतले कपडे स्वतःचेच हवेत.

विम्याची कागदपत्रे स्वतः वाचा. परदेश प्रवासाच्या बहुतेक साध्या पॉलिसी गिर्यारोहण वगळतात किंवा ठरावीक उंचीपर्यंतच संरक्षण देतात. दोर आणि क्रॅम्पॉन वापरून ६,५०० मीटरपर्यंतची चढाई आणि हेलिकॉप्टरने बचाव, हे दोन्ही शब्द पॉलिसीत स्पष्टपणे असले पाहिजेत. नेपाळमध्ये हेलिकॉप्टर तुलनेने लवकर मिळते, पण खर्चाची हमी मिळाल्याशिवाय ते निघत नाही, म्हणून पॉलिसीचा क्रमांक आणि विमा कंपनीचा आपत्कालीन दूरध्वनी गाईडकडेही द्या. गरज नसताना पर्यटकांना हेलिकॉप्टरने खाली आणून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचा प्रकार २०१८ मध्ये सरकारी चौकशीत उघडकीस आला होता. तेव्हा साध्या थकव्यासाठी कोणी हेलिकॉप्टर सुचवले, तर आधी विमा कंपनीशी स्वतः बोला.

खर्चाच्या पत्रकात शिखराचा परवाना, सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे आणि स्थानिक पालिकेचे शुल्क, गाईडचे मानधन, दोराचा वाटा, बेस कॅम्पवरील जेवण आणि पोर्टरचा विमा हे वेगवेगळे लिहून मागा. शरद ऋतूतील परवाना वसंतातल्यापेक्षा स्वस्त असतो, आणि उद्यानाच्या शुल्कात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे. ती तुमच्या पत्रकात धरली आहे का ते पाहा. राखीव दिवस वापरावा लागला तर त्या दिवसाचे पैसे कोणी द्यायचे, हेही लिहून घ्या. दर विचारताना पोर्टरवर किती किलो ओझे असणार आणि त्याला उंचीवरचे बूट व उबदार कपडे कोण देणार, हे विचारायला संकोच करू नका. स्वस्त कार्यक्रमातील बचत अनेकदा याच माणसाच्या पाठीवरून आणि अंगावरून काढलेली असते. ज्यांच्या जिवावर आपण वर जातो त्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट असलेले मला पाहवत नाही.

१९ दिवस खरोखरच मिळत नसतील, तर १४ दिवसांत लांगटांग खोऱ्यातील ‘याला पीक’ हे शिखर करावे. काठमांडूहून स्याब्रुबेसीपर्यंत रस्ता आहे, त्यामुळे लुक्लाच्या विमानाची अनिश्चितता राहत नाही. ३,८७० मीटरवरील क्यांजिन गोम्पाला दोन-तीन रात्री काढून जवळजवळ ५,००० मीटरच्या त्सेर्को रीवर जाऊन येता येते, आणि सुमारे ५,५०० मीटरच्या शिखरावर क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स आणि दोराने एकमेकांना बांधून चालण्याचा खरा अनुभव मिळतो. त्यातही एक राखीव दिवस बसतो. लडाखचा विचार करत असाल तर तो ऑक्टोबरमध्ये नको, तिथला हंगाम जुलै-ऑगस्टचा आहे. विमानाने थेट ३,५०० मीटरवरील लेहला उतरल्यावर निदान दोन-तीन रात्री तिथेच काढाव्या लागतात, आणि पूर्वी सर्वांचे पहिले शिखर असलेले स्टोक कांग्री २०२० पासून बंद करण्यात आले, म्हणून कांग यात्से-२ सारख्या पर्यायाची चौकशी इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडे करावी. यालाला जायचे ठरले तरी जुमार आणि डिसेंडरचा सराव थांबवू नका. क्यांजिन गोम्पाच्या मोकळ्या दिवशी गाईडकडून तो एखाद्या खडकावर करून घ्या, आणि आयलंड पीकसाठी त्याच्या पुढच्या वर्षीची १९ दिवसांची रजा आतापासूनच मागून ठेवा.